ब्लॅक सबाथचे जुने अल्बम कसे ऐकावेत, आणि गिटारवर तो जड आवाज का येत नाही

भाऊ, तुझा प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून थोडक्यात परत मांडतो. तू शिरपूरचा, कॉलेजात आहेस, इलेक्ट्रिक गिटार घेऊन वर्ष होत आलंय, जुलै २०२५ मध्ये गायक ऑझी ऑस्बॉर्न गेला तेव्हा सगळीकडे त्याच्या ब्लॅक सबाथ या इंग्लिश हेवी मेटल बँडचं नाव दिसायला लागलं म्हणून तू ऐकायला घेतलं. ‘पॅरानॉइड’ आवडलं, ‘आयर्न मॅन’ आवडलं, बाकीचं हळू आणि एकसारखं वाटतंय. आता तुला कळायला हवंय की क्लासिक म्हणतात ते अल्बम कोणते, कुठल्या क्रमाने ऐकायचे, ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’सारखा आवाज तुझ्या गिटारवर का येत नाही, आणि शेवटच्या ओळीत तू विचारलंयस की वडील याला सैतानाचं गाणं म्हणतात, त्यांना काय सांगू.

मी जळगावात गिटार शिकवतो, सेटअप आणि दुरुस्तीची कामं पण करतो, आणि सबाथ हा बँड शाळेत असल्यापासून माझ्यासोबत आहे. आमच्या पिढीला हे संगीत भुसावळच्या रेल्वे कॉलनीतून हातोहात फिरत आलेल्या कॅसेटवर मिळालं. त्यामुळे उत्तर लांबणार, निवांत वाच.

पहिली गोष्ट, तुझा खरा प्रॉब्लेम क्रमाचा नाहीये. तू लिहिलंयस की फोनवर ‘बेस्ट ऑफ’ची प्लेलिस्ट शफल करून ऐकतोस. फोनच्या स्पीकरवर दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली फारसं काही येत नाही रे. गिटारची सगळ्यात जाड तार, ई, ती ८२ हर्ट्झला असते, बेसची त्याच्या निम्म्यावर, ४१ ला. ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’मध्ये तर दोघांनीही तारा उतरवल्यात, तिथे बेस ३५ हर्ट्झच्या आसपास जातो. फोनवर ते मूळ सूर येतच नाहीत, वरचे वरचे अंश येतात आणि बाकीचं कान अंदाजाने भरून काढतो. म्हणजे बेस वाजवणारा गीझर बटलर हा माणूस तुझ्यासाठी जवळजवळ वाजवतच नाहीये, बिल वॉर्डच्या ड्रममधला पायाचा भाग गेला, उरलं काय तर ऑझीचा आवाज आणि गिटारची वरची खरखर. मग सगळी गाणी सारखीच वाटणार ना! माझ्याकडे येणाऱ्या पोरांचं हेच होतं. एकजण तर ‘इन्टू द व्हॉइड’ ऐकून म्हणाला, सर, हाई गाणं भलतं हयू शे (अहिराणीत, फारच हळू आहे). त्यालाच मी क्लासमधल्या मोठ्या स्पीकरवर बसवलं, काही न सांगता, आणि तो मान हलवायला लागला. गाणं तेच होतं, वेगही तोच.

म्हणून आधी हेडफोन नाहीतर साधे का होईना पण बरे वायरवाले इअरफोन घे, किंवा घरात जुना होम थिएटरचा सेट असेल तर त्याला फोन जोड. महागाचं काही लागत नाही.

आता मला जे म्हणायचंय ते म्हणजे, सबाथचा जडपणा आवाज मोठा करण्यात किंवा डिस्टॉर्शन वाढवण्यात नाही. तो दोन सुरांच्या मधल्या जागेत आहे, आणि ती जागा भरणारे बेस आणि ड्रम कसे वागतात त्यात आहे. हे एकदा कानाला कळलं की अल्बम कुठलाही लाव, तुला रस्ता सापडेल. मात्र हे किती लवकर कळेल ते तुझ्यावर आहे, तू आधी काय ऐकत आलास त्यावर आहे. थ्रॅश, म्हणजे वेगवान मेटल, ऐकून आलेल्याला वेळ लागतो, भजनाला बसलेल्या पोराला बऱ्याचदा लवकर कळतं, कारण त्याला ठेका मागे खेचणं म्हणजे काय ते माहीत असतं.

पहिल्या अल्बमपासूनच दाखवतो. बँडच्याच नावाचा अल्बम, १३ फेब्रुवारी १९७० ला आला. ऑक्टोबर १९६९ मध्ये लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत जवळजवळ एका दिवसात रेकॉर्ड केलेला, प्रोड्यूसर रॉजर बेन. पैसेच नव्हते, म्हणून स्टेजवर वाजवायचे तसंच चौघांनी एकत्र वाजवून टाकलं. पहिल्याच गाण्याचं नावही तेच. पाऊस, घंटा (हे नंतर जोडलेलं), आणि मग गिटारवाल्या टोनी आयोमीचे तीन सूर. गिटार घे हातात: सहाव्या तारेवर तिसरा फ्रेट, हा जी. मग चौथ्या तारेवर पाचवा फ्रेट, तोच जी पण वरच्या सप्तकातला. मग पाचव्या तारेवर चौथा फ्रेट, सी शार्प, आणि त्याच्यावर बोट थरथरवत ठेवायचं. जी ला सा धरलास तर हे झालं सा, वरचा सां, आणि तीव्र म. बस, एवढंच आहे. पण बघ, यमनात तीव्र म येतो तेव्हा बाजूला ग असतो, प असतो, तो कुठेतरी जाऊन विसावतो. इथे तो विसावतच नाही. तीव्र मावर येऊन थांबतो, थरथरतो, आणि परत खाली सा वर आपटतो. अख्ख्या गाण्यात तुझा कान प ची वाट बघत राहतो.

आता त्या तीन सुरांच्या मधे काय चाललंय ते ऐक. वॉर्ड तिथे सरळ ठेका देत नाही, तो ड्रमवरून फिरत असतो, जॅझवाले करतात तसं, कधी पुढे कधी मागे. जीन क्रूपा आणि बडी रिच हे जॅझ ड्रमर त्याचे आवडते, ते त्याच्या हातात दिसतं. मग ऑझी गायला लागतो तेव्हा सगळे एकदम हलके होतात, आवाज पडतो. पुढची ओळ संपते आणि परत तिघे मिळून आदळतात. हा आवाज पडणं नि परत आदळणं, यात जडपणा आहे. गिटारवाला पूर्ण वेळ जोरात वाजवत राहिला असता तर तो आदळणारा सूर तुला जाणवलाच नसता.

एक बारीक गोष्ट, ॲपवर तुला या अल्बमची गाणी दोन ठिकाणी वेगवेगळी दिसतील. इंग्लंडच्या आवृत्तीत ‘ईव्हिल वुमन’ हे दुसऱ्या बँडचं गाणं होतं, अमेरिकेत त्याच्या जागी ‘विकेड वर्ल्ड’ घातलं. गोंधळू नको. दोन्ही ऐक, ‘विकेड वर्ल्ड’ जास्त चांगलं आहे असं माझं मत.

‘पॅरानॉइड’ तू ऐकलाच आहेस, सप्टेंबर १९७० चा, म्हणजे पहिल्यानंतर सात महिन्यांत. त्यावर फार लिहीत नाही. फक्त एवढं, की ‘पॅरानॉइड’ हे गाणं अल्बमला थोडं कमी पडतंय म्हणून शेवटी अर्ध्या तासाच्या आत जुळवलेलं, आणि तेच सगळ्यात गाजलं, इंग्लंडच्या यादीत चौथ्या नंबरापर्यंत गेलं. अल्बमचं नाव आधी ‘वॉर पिग्ज’ ठरलं होतं. तू त्या एका गाण्यावर सबाथ मोजतोयस म्हणून बाकीचे हळू वाटतायत. त्याऐवजी ‘वॉर पिग्ज’ घे. सुरुवातीचा डुलता भाग संपला की दोन कॉर्ड येतात, टॅक-टॅक, आणि मग गिटार बेस दोन्ही गप्प, फक्त वॉर्डचा हाय-हॅट आणि ऑझी. एवढ्या गाजलेल्या हेवी मेटल गाण्याचा मुख्य अंतरा जवळजवळ रिकामा आहे! माझ्या विद्यार्थ्यांना मी हे गाणं पहिलं देतो, आणि सांगतो की कॉर्ड नंतर शिकू, आधी त्या रिकाम्या जागेत तार हाताने दाबून पूर्ण बंद करायला शिक. तुझी तार त्या वेळी जरा जरी गुणगुणली तरी गाणं गेलं. त्याच अल्बममध्ये ‘प्लॅनेट कॅरॅव्हॅन’ आहे, त्यात वॉर्ड कोंगा वाजवतो, ऑझीचा आवाज फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढलाय म्हणून तो पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. आणि ‘फेअरीज वेअर बूट्स’मध्ये ड्रम ऐक, तो ठेका सरळ नाही, झुलता आहे. त्यांची नक्कल करणाऱ्या पुष्कळ बँडना रिफ (परत परत येणारी गिटारची छोटी चाल) जमले, हे झुलणं जमलं नाही.

आता आयोमीच्या बोटांबद्दल, कारण त्याशिवाय तिसरा अल्बम कळणार नाही. आयोमी डावखुरा, म्हणजे त्याचा उजवा हात गिटारच्या मानेवर असतो. बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, वय १७, नोकरीचा शेवटचा दिवस, आणि मशीनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. कारखान्यातल्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची रेकॉर्ड आणून ऐकवली, जो जळालेल्या हाताने दोनच बोटांवर एवढं वाजवायचा. मग आयोमीने भांडी धुण्याच्या लिक्विडची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांवर बसतील अशा टोप्या केल्या, वरून चामडं लावलं. त्या टोपीतून तार जाणवत नाही. म्हणून त्याला हलक्या, ढिल्या तारा लागायच्या, तशा तेव्हा दुकानात मिळत नव्हत्या, म्हणून बॅन्जोच्या तारा गिटारला लावल्या (अमेरिकन बॅन्जो रे, आपल्या वरातीतला बटणांचा बेंजो नव्हे). मोठमोठे कॉर्ड धरण्यापेक्षा दोन-तीन सुरांचे कॉर्ड, आणि प्रत्येक सुराला भरपूर व्हायब्रॅटो (थरथर) देऊन तो लांबवणं, ही त्याची पद्धत झाली.

तू शिरपूरचा आहेस म्हणून सांगतो, हे चौघे बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातले, कामगार वस्तीतली पोरं. ऑझीने कत्तलखान्यात काम केलं, गाड्यांचे हॉर्न तपासायच्या कारखान्यात केलं. आमच्याकडे भुसावळला लोको शेड, ऑर्डनन्स फॅक्टरी, दीपनगरचं वीज केंद्र, अशा घरांतली पोरं क्लासला येतात, त्यांना मी बर्मिंगहॅम समजावून सांगायला जात नाही, त्यांना ते आपोआप कळतं.

तर ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’, १९७१. माझ्या मते हाच त्यांचा सगळ्यात महत्त्वाचा अल्बम, ‘पॅरानॉइड’पेक्षाही. इथे आयोमीने काही गाण्यांसाठी गिटार दीड सूर खाली उतरवली, ई वरून सी शार्पवर, आणि गीझरने बेसही तेवढाच उतरवला. तारा ढिल्या झाल्या, बोटांना आराम मिळाला, आवाज खाली गेला. पुढे डूम, स्टोनर, स्लज असे मेटलचे जड, संथ प्रकार म्हणून जे जे आलं त्याचं मूळ इथे आहे. ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’ मध्ये घोड्याच्या टापांसारखा ठेका आहे, ‘इन्टू द व्हॉइड’ मध्ये रिफमागून रिफ, आणि मधे एकदम वेग बदलतो. ‘स्वीट लीफ’च्या सुरुवातीचा खोकला आयोमीचा स्वतःचा आहे, गाणं गांजावर आहे, हे तुला माहीत असलेलं बरं. आणि मग त्याच अल्बमवर ‘सॉलिट्यूड’, शांत, बासरी आयोमीनेच वाजवलेली, आणि ‘ऑर्किड’ हा साध्या अकूस्टिक गिटारचा छोटा तुकडा. ही शांत गाणी पुष्कळजण पुढे ढकलतात. ढकलू नको. ‘ऑर्किड’ संपून ‘लॉर्ड ऑफ धिस वर्ल्ड’ सुरू होतं तो क्षण फक्त सलग ऐकणाऱ्याला मिळतो, शफलवाल्याला नाही. एलपीची एक बाजू साधारण वीस मिनिटांची असायची, तेवढं सलग बसून ऐक, मग चहा पी, मग दुसरी बाजू.

आता तुझ्या गिटारचं. तू लिहिलंयस की तारा सी शार्पवर उतरवल्या तर फडफडतात, सूर लागत नाही, आणि पेडलवर गेन (आवाज फाटण्याचं प्रमाण) फुल केला तरी आवाज पातळच. यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

एक, तारा. नवीन गिटारला बहुधा नऊचा सेट असतो, म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.००९ इंचाची. दीड सूर उतरवलं की ताण साधारण तीस टक्क्यांनी कमी होतो, मग तार फ्रेटवर आपटणारच. तू म्हणशील आयोमी तर हलक्याच तारा वापरतो. हो, पण त्याचा हात फार हलका आहे, आणि तसं वाजवायला वर्षं लागतात. तू अकराचा सेट घाल, ११ ते ४९ वाला. तो सी शार्पला उतरवला की ताण जवळजवळ तेवढाच येतो जेवढा नऊच्या सेटचा साध्या ट्यूनिंगला असतो, म्हणजे हाताला ओळखीचं वाटेल. ट्यूनिंग जाड तारेपासून असं: सी शार्प, एफ शार्प, बी, ई, जी शार्प, सी शार्प. जाड तारा घातल्या की नटच्या (मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचा अरुंद पडतात, तार त्यात अडकते आणि ट्यूनिंग करताना टिक टिक आवाज येतो. तसं झालं तर खाच कुणा जाणकाराकडून रुंद करून घे, घरी कानशीने घासू नको, एकदा खोल गेली की नट बदलावा लागतो. आणि तुझ्या गिटारला हलणारा ट्रेमोलो ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) असेल, तर नुसत्या तारा उतरवल्यावर मागच्या स्प्रिंगा ब्रिजला मागे ओढतात, तो बॉडीत खाली बसतो आणि सगळ्याच तारा फ्रेटला लागतात. पोरं समजतात गिटार बिघडली. बिघडलेली नसते, मागचे स्क्रू थोडे सैल करून स्प्रिंगांचा ताण कमी करायचा. शेवटी इंटोनेशन तपासायचं: बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) एक यायला हवा.

दोन, आपलं हवामान. हे पुण्या-मुंबईच्या व्हिडिओंमध्ये कुणी सांगत नाही. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये ४३-४४ डिग्रीत हवा एवढी कोरडी होते की फ्रेटबोर्डचं लाकूड आक्रसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येतात, मानेवर वरून खाली हात फिरवलास तर बोटाला करवतीसारखी लागतात. मान पण हलते. मग आपण काय करतो, कूलर लावतो, आणि गिटार त्याच खोलीत स्टँडवर, बऱ्याचदा कूलरच्या समोर. दिवसभर ओली हवा, रात्री कूलर बंद की परत कोरडी. तारांना गंज चढतो तो वेगळाच, पण लाकडाचं हे रोजचं फुगणं-आक्रसणं जास्त वाईट. माझ्याकडे उन्हाळ्यात येणाऱ्या गिटारी बहुतेक याच कारणाने येतात. गिटार वाजवून झाली की बॅगेत, आणि बॅग कूलरच्या झोतापासून लांब, पत्र्याच्या खोलीत किंवा माळ्यावर तर अजिबात नाही. ट्यूनिंग उतरवून सेटअप करायचाच असेल तर पाऊस पडून हवा जरा स्थिर झाल्यावर कर. मे मध्ये केलेला सेटअप जुलैत परत करावा लागतो.

तीन, आणि ही सगळ्यात महत्त्वाची, तुझा पेडल. गेन फुल, बेस फुल, ट्रेबल फुल आणि मिड शून्य, असंच ठेवलं असशील, सगळे ठेवतात. घरात एकट्याने वाजवताना ते भारी वाटतं. पण आयोमी त्या काळात लेनी कंपनीच्या ॲम्पला रेंजमास्टर नावाचा ट्रेबल बूस्टर लावायचा. म्हणजे खालचा सूर वाढवायचा नाही, वरचा पुढे ढकलायचा, आणि ॲम्प मोठ्याने वाजवून त्याच्याकडून तो घट्ट आवाज काढायचा. खालची बाजू गीझर सांभाळायचा, तो रिफ जवळजवळ तसाच वाजवत वाजवत मधे स्वतःच्या छोट्या ताना घ्यायचा. तुला रेकॉर्डवर जो एक जाडजूड आवाज वाटतो ना, तो एक गिटार नाही, दोन वाद्यं आहेत एकमेकांत मिसळलेली. म्हणून गेन निम्म्यावर आण, बेस निम्म्याच्या खाली, मिड वर. आधी पातळ वाटेल. मग फोन मोठ्या स्पीकरला जोडून गाणं लाव आणि त्याच्यासोबत वाजव, किंवा एखादा बेस वाजवणारा मित्र शोध. शिरपूर-धुळ्यात बेसवाला मिळणं अवघड आहे हे मला माहीत आहे, पण ऑर्केस्ट्रात वाजवणारे असतात, विचारून बघ. की-बोर्डवाल्याने डाव्या हाताने खालचे सूर धरले तरी काम भागतं, आम्ही बऱ्याचदा तसंच केलंय.

पुढचे अल्बम. ‘व्हॉल्यूम फोर’ १९७२ चा, लॉस एंजेलिसमध्ये केलेला. तिथे पैसा होता, ड्रग्जही होती, ‘स्नोब्लाइंड’ सरळसरळ कोकेनवर आहे आणि अल्बमच्या आवाजातही ती नशा जाणवते. पण ‘सुपरनॉट’चा रिफ! माझ्या मते आयोमीच्या सगळ्यात जिवंत रिफपैकी एक, आणि मधे फक्त ड्रमचा भाग येतो तेव्हा वॉर्ड काय होता ते कळतं. याच अल्बमवर ‘चेंजेस’ आहे, पियानोवर, ना गिटार ना ड्रम. मला ते गाणं साधं आहे म्हणूनच आवडतं, काही कट्टर लोकांना आवडत नाही, असू दे.

मग १९७३ चा ‘सबाथ ब्लडी सबाथ’. त्याआधी आयोमीला काही सुचेनासंच झालं होतं. लॉस एंजेलिसला परत गेले, काही होईना, मग इंग्लंडमधल्या क्लिअरवेल कॅसल नावाच्या जुन्या वाड्यात जाऊन राहिले आणि तिथल्या तळघरात वाजवताना या गाण्याचा रिफ निघाला. तो ऐकून तुला कळेल की सुचत नव्हतं तो माणूस परत उभा राहिलाय. इथे कीबोर्ड आहेत, एका गाण्यात यस बँडचा रिक वेकमन वाजवतो, शेवटच्या गाण्यात व्हायोलिनचा ताफा आहे. तू या अल्बमला एकदम हात घातलास तर गोंधळशील, आधीचे चार ऐकून आलास तर त्यांनी किती लांबचा पल्ला गाठला ते दिसेल.

‘सॅबोटाज’, १९७५. जुन्या मॅनेजरशी कोर्टकचेरी चालू होती, तो राग अल्बमभर आहे. ज्याला ‘हळू’ची तक्रार आहे त्याने इथलं ‘सिम्प्टम ऑफ द युनिव्हर्स’ ऐकावं. पुढे आठेक वर्षांनी थ्रॅशवाल्यांनी जे केलं ते इथे आधीच करून ठेवलंय, हाताने दाबून वाजवलेली जाड तार, वेग, आणि मग शेवटी सगळं सोडून एकदम अकूस्टिक गिटारवर मोकळं होणं. मला विचारशील तर पहिले सहा अल्बम, १९७० ते १९७५, हे क्लासिक, त्यात एकही टाकाऊ नाही. त्यानंतरचे ‘टेक्निकल एक्स्टसी’ (१९७६) आणि ‘नेव्हर से डाय’ (१९७८) सवडीने ऐक, त्यांत गाणी आहेत, पण बँड दमलेला आहे.

१९७९ मध्ये ऑझीला काढलं, आणि रॉनी जेम्स डिओ हा नवा गायक आला. ‘हेवन अँड हेल’, १९८०, प्रोड्यूसर मार्टिन बर्च. यावर लोक भांडतात, ऑझीशिवाय सबाथ कसला म्हणून. मी त्या भांडणात दुसऱ्या बाजूला आहे. हा अल्बम पहिल्या सहांच्या शेजारी ठेवण्यासारखाच आहे, फक्त बँड वेगळा समजून ऐक. ऑझी रिफच्या मागे मागे गायचा, बऱ्याचदा गिटारचीच चाल धरून. डिओ रिफच्या वरून गातो, म्हणून आयोमीने त्याच्यासाठी जागा केली, ‘हेवन अँड हेल’ या गाण्यात अंतऱ्याला गिटार मागे जाते आणि गीझरचा बेस एकट्याने गाणं पुढे नेतो. तू गात असशील तर सुरुवात इथून केलीस तरी चालेल. त्यानंतरचा ‘मॉब रूल्स’ (१९८१) पण चांगला. नंतर गायक, ड्रमर बदलत राहिले, ते सगळं आत्ता नको. २०१३ चा ‘थर्टीन’ मात्र ऐक, ऑझी, आयोमी, गीझर परत एकत्र, ड्रमवर वॉर्ड नाही. चांगला अल्बम आहे, पण वॉर्डचं झुलणं नसलं की काय कमी पडतं ते तुला तिथे नेमकं ऐकू येईल. चौघे परत एकत्र वाजवले ते ५ जुलै २०२५ ला, त्यांच्याच ॲस्टनमधल्या व्हिला पार्कवर. ऑझी बसून गायला. त्यानंतर अडीच आठवड्यांत तो गेला.

तर क्रम असा ठेव: ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ आधी, कारण तुला तो आवाज हवाय आणि तुझा प्रश्नच तिथून आलाय. मग पहिला अल्बम, मग ‘पॅरानॉइड’ पूर्ण, सलग. मग ‘व्हॉल्यूम फोर’ पासून पुढे तारखेनुसार, आणि शेवटी डिओ. एका आठवड्याला एकच अल्बम. पहिल्यांदा नुसता ऐक, दुसऱ्यांदा फक्त बेसच्या मागे जा, तिसऱ्यांदा फक्त ड्रमच्या. गिटार तर कान आपोआप ऐकतोच.

आणि वडिलांचं. त्यांना चूक ठरवू नको, कव्हर आणि नाव बघून कुणालाही तसंच वाटेल, पहिल्या अल्बमच्या आत उलटा क्रॉस छापलेला होता, तो कंपनीने बँडला न विचारता टाकलेला. बहुतेक गाणी लिहायचा गीझर, तो कॅथलिक घरात वाढलेला. ‘आफ्टर फॉरेव्हर’ हे तर सरळ देवावरच्या विश्वासाचं गाणं आहे. ‘वॉर पिग्ज’ युद्धाच्या विरोधात, ज्या काळात व्हिएतनाममध्ये गरिबांची पोरं मरत होती त्या काळातलं. ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’ अणुबॉम्बच्या भीतीवर. गळ्यात जे क्रॉस घालायचे ते ऑझीच्या वडिलांनी कारखान्यात बनवून दिलेले होते. भीतीचं, अंधाराचं वर्णन त्यांच्या गाण्यांत खूप आहे, पण त्या अंधाराची पूजा नाही, पहिल्या गाण्यातला माणूस तर घाबरून देवाचा धावा करतो. हे सगळं एकदम भाषण देऊन सांगू नको. एखाद्या संध्याकाळी ‘चेंजेस’ लाव, किंवा ‘सॉलिट्यूड’, आवाज बेताचा ठेवून. विचारलं त्यांनी की हे कोण, तर सांग हाच तो बँड. आणि रात्री दहानंतर ॲम्प बंद, कारण वडिलांचा अर्धा राग बहुधा आवाजाचाच असतो. गिटारचा ब्रिज कुठला आहे त्याचा फोटो टाक, म्हणजे स्प्रिंगांचं नेमकं काय करायचं ते सांगता येईल.